गाडी रात्री उभी कुठे राहते?

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहराचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले ते वेरूळ-अजिंठ्यामुळे नव्हे, आणि पाणीटंचाईमुळेही नव्हे. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. त्यांतले चाळीस कोटींहून अधिक स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने दिले. याच मराठवाड्यात ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणारा शेतकरी त्याहून कितीतरी चढे व्याज भरतो, हे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त लिहिले आणि कौतुकाच्या बातमीला दुसरी बाजू मिळाली. मी तेव्हा एका दुसऱ्या बँकेत अधिकारी होतो. पुढचे काही दिवस काउंटरवरचे ओळखीचे खातेदार मिस्कीलपणे विचारीत, “साहेब, सात टक्क्यांत आम्हाला निदान लुना तरी बसते का बघा.”

बारा वर्षांनी, २०२२ मध्ये, शहरातल्या उद्योगक्षेत्रानेच पुन्हा घाऊक खरेदीचा घाट घातला. या वेळी ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाखाली अडीचशे विजेच्या मोटारी एकत्र घेण्याचा संकल्प सोडला होता. शहराचे नाव अजून बदलायचे होते. ते २०२३ मध्ये बदलले. मर्सिडीजपेक्षा हा संकल्प कितीतरी शहाणपणाचा होता यात शंका नाही. घाऊक खरेदीत भाव चांगला मिळतो आणि विक्रेताही ऐकून घेतो. पण घाऊक खरेदीचा एक स्वभाव असतो. दहा जण घेतात म्हणून अकरावा घेतो, आणि अकराव्याच्या घरी काय गरज आहे हे कोणी विचारत नाही.

आज हा प्रश्न उद्योजकांच्या बैठकीतून उठून सिडकोतल्या रो-हाउसमध्ये, गारखेड्याच्या अपार्टमेंटमध्ये आणि उल्कानगरीतल्या सोफ्यावर येऊन बसला आहे. हिरव्या नंबरप्लेटची गाडी शेजाऱ्याने आणली की घरात विषय निघतोच. मी बँकेतून निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहितो, तरी लोकांच्या लेखी मी अजून कर्जविभागाचाच माणूस. रविवारी सकाळी कोणी ना कोणी रंगीत माहितीपुस्तिका घेऊन येतो आणि चहा संपायच्या आत विचारतो, “कोणती घेऊ?”

मी विचारतो, “गाडी रात्री उभी कुठे राहते?”

बहुतेकांना वाटते, मला ऐकू कमी येऊ लागले. परंतु विजेच्या मोटारीचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि तो कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नसतो. पेट्रोलची गाडी दिवसा पोट भरते. पाच मिनिटे पंपावर थांबली की झाले. विजेची गाडी रात्री जेवते, सावकाश जेवते आणि घरी जेवली तरच स्वस्तात जेवते. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण अडीच-तीन युनिट वीज तिच्या पोटात जाते. बॅटरीवर जे ‘किलोवॅट-तास’ छापलेले असतात ते म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिटच, दुसरे काही नाही. पंचवीस युनिटांची छोटी बॅटरी जवळजवळ रिकामी असेल तरी रात्रभरात बहुतेक भरते. पंचेचाळीस युनिटांची असेल तर संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत वाट बघावी लागते, नाहीतर भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर बसवावा लागतो.

तो बसवण्याआधी आपले वीजबिल काढून त्यावरचा ‘मंजूर भार’ वाचावा. तीस वर्षांपूर्वीच्या घरात तो एक-दोन किलोवॅट असतो. घर बांधले तेव्हा पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज एवढाच संसार होता. त्यावर गिझर आले, एसी आला, आणि आता गाडी. भार वाढवून घ्यावा लागतो, प्रसंगी सिंगल फेजचे थ्री फेज करावे लागते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. अर्थिंग धड नसेल तर कित्येक गाड्या चार्ज व्हायला सरळ नकार देतात, आणि तो नकार आपल्या भल्याचा असतो. मुरमाड जमिनीतले जुने अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते. वायरमनला बोलावून ते तपासून घ्यायला किती खर्च येतो? गाडीच्या सीटकव्हरपेक्षा कमी. पण सीटकव्हर आधी घेतले जाते.

सिडकोच्या बैठ्या घरांतल्या लोकांचे नशीब इथे चांगले. गेटच्या आत, ओट्यालगत गाडी आणि तिथेच सॉकेट. गुलमंडी, औरंगपुरा, शहागंजच्या गल्ल्यांत गाडी जिथे जागा मिळेल तिथे लागते. तिथल्या माणसाने चार्जर कुठे लावायचा? बीड बायपासच्या अपार्टमेंटवाल्यांची तिसरीच कथा. तिथे प्रश्न विजेचा नसून सोसायटीच्या सभेचा असतो. एका सभेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. पाऊण तास चर्चा झाली ती ‘उद्या सगळ्यांनीच गाड्या घेतल्या तर?’ या एका वाक्यावर. वास्तविक केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला आपल्या असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. स्वतःच्या मीटरपासून स्वतःच्या पार्किंगपर्यंत योग्य जाडीची वायर, पाइपातून, एमसीबीसह नेली की कॉमन मीटरचा वाद उरत नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणारे वीरही मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका.

“पण लाईट गेली तर?” हा दुसरा हमखास प्रश्न. ज्या शहरात वर्षानुवर्षे पाच-पाच, सहा-सहा दिवसांआड नळाला पाणी आले त्या शहराने हा प्रश्न विचारावा याची मला गंमत वाटते. साठवणुकीचे शास्त्र आपल्याला कोणी शिकवायला नको. पाणी आले की हौद भरायचा, पिंप भरायचे, आणि हौद अर्धा झाला की पुढच्या पाण्याचा वार मोजायचा. गाडीचेही तेच. रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्याला एकदा भरलेली बॅटरी चार-पाच दिवस पुरते. एका रात्री वीज गेली म्हणून काही अडत नाही. अडते ते पिंपाच्या तळाशी पाणी गेल्यावर जागे होणाऱ्याचे.

आता किलोमीटर. गाडी ठरवण्याआधी तीन महिने एक वही ठेवावी असे मी सांगतो. सध्याच्या गाडीचे किंवा स्कूटरचे रोजचे किलोमीटर लिहायचे, कोण बरोबर होते ते लिहायचे, बस्स. आपण किती फिरतो याचा आपला अंदाज फार चुकतो. बँकेत कर्ज मागायला येणारा माणूस उत्पन्न वाढवून सांगे. गाडी घेऊ पाहणारा माणूस किलोमीटर वाढवून सांगतो.

माझ्यासमोर आलेल्या तीन वह्यांबद्दल लिहितो. नावे कोणाचीच देत नाही.

पहिली वही एका निवृत्त मुख्याध्यापकांची. सिडकोत राहतात, जवळ सेवानिवृत्तीची रक्कम, मुलगा पुण्यात. मुलाचा आग्रह मोठ्या गाडीचा, सगळे मिळून अठरा लाखांच्या घरातली. कारण एकच: “बाबा, एका दमात पुण्याला याल.” वहीत महिन्याला तीनशे किलोमीटर निघाले. मंडई, बँक, देवळात, दवाखाना, नातीचा क्लास. पुणे वर्षातून चारदा.

हिशेब असा. पेट्रोल लिटरमागे १०५ रुपये आणि गाडी शहरात १५ किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विजेची छोटी गाडी मीटरवरच्या एका युनिटमध्ये सहा-साडेसहा किलोमीटर जाते. घरचे युनिट बारा रुपयांना धरले तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे बचत पाच रुपये. सरांच्या तीनशे किलोमीटरवर वर्षाला १८ हजार. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडते असे समजू. हेच तीन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने वर्षाला २४ हजार ६०० रुपये व्याज येते. म्हणजे बचतीसाठी विजेची गाडी घेणारे सर दरवर्षी साडेसहा हजारांनी मागे. सरांनी आयुष्यभर गणित शिकवले होते; त्यांनी कागद उलटा करून पुन्हा मांडला, उत्तर तेच आले.

दुसरी वही एका अभियंत्याची. राहतो शहरात, नोकरी जालन्याला. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस. वर्षाला साडेचौतीस हजार किलोमीटर. त्याची वीज जरा महाग पडते, कारण महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. गाडीला महिन्याला साडेचारशे युनिट लागणार. घरचा वापर दोनशे असेल तर गाडीची वीज दुसऱ्या टप्प्यात सुरू होऊन पाचशेच्या वरच्या टप्प्यात संपते. म्हणून अशा माणसाने सरासरी दर धरू नये, शेवटच्या टप्प्यांचा दर धरावा. मी सगळे आकार धरून युनिटला सोळा-सतरा रुपये पकडले. तरीही किलोमीटरला साडेचार रुपयांच्या आसपास वाचतात, वर्षाला दीड लाखाच्या वर. जादा दिलेले तीन लाख दोन वर्षांत वसूल.

या अभियंत्याला मी आणखी एक सांगितले. छतावर जागा आहे, तर सूर्यघर योजना बघ. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. तीन किलोवॅटच्या संचाला केंद्राचे ७८ हजार रुपये अनुदान मिळते. आपल्याकडे ऊन ही एकच गोष्ट मुबलक आहे. तीन किलोवॅटचा संच चांगल्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास देतो, म्हणजे वरच्या टप्प्यातली महागडी वीज आधी कमी होते. नवे टीओडी मीटर असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळच्या वापराला दरात सूटही आहे. मात्र याचा उपयोग ज्याची गाडी दिवसा घरी असते त्याला. अभियंत्याची गाडी तेव्हा जालन्यात उन्हात उभी असणार.

तिसरी वही एका तरुण जोडप्याची, दोघेही वाळूजला नोकरीला. महिन्याला नऊशे किलोमीटर. गाडी त्यांना साडेपाच-सहा वर्षांत परवडते, वाईट नाही. परंतु घर भाड्याचे, तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग रस्त्यावर. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस रुपये मोजावे लागले तर बचतीचा बराच भाग तिथेच जातो, आणि रविवारचा तास चार्जरपाशी बसण्यात जातो तो वेगळा. त्यांना मी एवढेच म्हटले, “गाडीच्या दुकानात जाऊ नका. आधी घरमालकाकडे जा, आणि कंपनीत विचारा की पार्किंगमध्ये चार्जर बसवणार आहेत का.” मुलगी हसून म्हणाली, “काका, घरमालक खिळा ठोकू देत नाही, सॉकेट काय देणार?” मग त्यांचे उत्तर आज तरी ‘थांबा’ हेच आहे.

या तीन वह्यांतली विसंगती पाहा. ज्यांना बचतीसाठी विजेची गाडी हवी असते ते बहुधा कमी फिरणारे असतात, आणि ज्यांना ती खरोखर वाचवून देईल त्यांच्याकडे अनेकदा ती उभी करायला जागा नसते. अभियंत्यासारखा एखादाच दोन्ही बाजूंनी बसतो.

बॅटरी केवढी घ्यावी, यावर घराघरांत भांडणे होतात. पुस्तिकेतला आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. एसी लावून, चार माणसे बसवून, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत चालवलेल्या गाडीचा तो नसतो. मी बँकेतल्या सवयीने मार्जिन कापतो. पुस्तिकेत तीनशे असेल तर दोनशे धरा. त्यातले वरचे दहा आणि खालचे दहा टक्के सोडा. उरले १६०. या १६० मध्ये आपला नेहमीचा दिवस बसतो का? वेरूळ तीस किलोमीटर, पैठण पन्नासच्या पुढे, अजिंठा लेणी शंभर. पैठण जाऊन-येऊन बसते, वेरूळ तर सहज. अजिंठ्याला वाटेत किंवा तिथे थोडी भर घालावी लागेल. पुणे सुमारे २३५. छोट्या गाडीला अहिल्यानगरजवळ चांगला तासभर थांबा, ज्यात जेवण होते. ऐंशी टक्क्यांनंतर जलद चार्जरही मुंगीच्या गतीने भरतो, तेव्हा पूर्ण भरायचा हट्ट धरू नये. आणि निघण्यापूर्वी ज्या चार्जरवर विसंबलो तो चालू आहे का ते बघावे, त्याला पर्यायी दुसरा हेरून ठेवावा.

समृद्धी महामार्गाचे गणित वेगळे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. सावंगीला गाडी वर चढली की पाय आपोआप खाली जातो. १२० ची मर्यादा आहेच. पण वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे एकशेवीस केले की वेग दीडपट होतो आणि रोध सव्वादोनपट. पेट्रोलच्या गाडीत हे आपल्या लक्षात येत नाही, विजेच्या गाडीत ते डोळ्यांसमोर टक्क्यांत दिसते. गावात दोनशे जाणारी गाडी समृद्धीवर मुकाट्याने दीडशेची होऊ शकते.

तेव्हा वर्षातले तीनशे चाळीस दिवस ज्यासाठी गाडी लागते तेवढी बॅटरी घ्यावी, उरलेल्या पंचवीस दिवसांसाठी तिकीट काढावे किंवा गाडी भाड्याने घ्यावी. एसटीची ई-शिवाई १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि पुढे आपल्या शहरापर्यंत आली. विजेवर पुण्याला जाण्याची हौस तिच्यातही फिटते, शिवाय झोप मिळते.

बाजारात आता निवड आहे. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा आली तेव्हा ती खेळण्यासारखी दिसे आणि लोक तिच्याकडे कौतुकाने पाहून पुढे जात. आज २०२३ मध्ये आलेली एमजीची कॉमेट आहे, दोन दारांची, चार माणसांची, सतरा युनिटांची. गावातल्या गावात उत्तम, आजीला मागे बसवायचे असेल तर कठीण. टाटांची टियागो २०२२ मध्ये १९ आणि २४ युनिटांत आली, पंच २०२४ मध्ये २५ आणि ३५ युनिटांत. नेक्सॉन २०२० पासून रस्त्यावर आहे आणि आता ३० व ४५ युनिटांत मिळू लागली. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ युनिटांची आली, मागे ऐसपैस. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्या लांबच्या प्रवासाच्या आहेत आणि किंमतही तशीच. युनिट वाढले की किंमत वाढते, वजनही वाढते, आणि वजन वाढले की टायर लवकर झिजतात. हे टायरचे कोणी सांगत नाही.

पैशांच्या बाजूने काही गोष्टी विक्रेत्याकडून अर्धवट कळतात, म्हणून इथे लिहितो. विजेच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी पाच टक्के आहे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटीही १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोणी मांडलेला फरकाचा हिशेब आता जुना झाला. व्याजावर दीड लाखापर्यंतची आयकर वजावट, कलम ८० ईईबी, ही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. अजून तिचे नाव घेऊन गाडी विकणारे भेटतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. आपल्या फास्टॅगमधून काही कापले गेले का ते प्रवासानंतर पाहावे. स्टेट बँकेने २०१९ मध्ये ‘ग्रीन कार लोन’ आणले तेव्हा व्याजात ०.२० टक्के सवलत दिली होती. आठ लाखांवर पहिल्या वर्षी ही सवलत सोळाशे रुपयांची होते. चांगलेच आहे, पण सोळाशे रुपयांसाठी कोणी गाडीचा विचार बदलू नये.

बॅटरी भाड्याने देण्याची योजना विंडसरबरोबर गाजली. गाडी ९ लाख ९९ हजारांना, आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये, असा सुरुवातीचा भाव होता. ऐकायला गोड. पण जालन्याच्या अभियंत्याला हे महिन्याला दहा हजार रुपये होतात, वीज वेगळी. हे नव्या नावाचे कर्जच आहे. कमी फिरणाऱ्याला वाटेल आपल्याला हे स्वस्त. तर त्याने करारात दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरायचे आहेत ते वाचावे. बारीक अक्षरात तेच लिहिलेले असते.

बॅटरीची हमी बहुतेक गाड्यांना आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते. मुख्याध्यापकांच्या बाबतीत आठ वर्षे आधी येणार. अभियंत्याचे किलोमीटर पावणेपाच वर्षांत संपणार! त्याने आठ वर्षांचा हप्ता बांधला तर शेवटची तीन वर्षे हमी संपलेल्या बॅटरीवर हप्ते भरत राहील. म्हणून त्याला मी चार वर्षांचे कर्ज सुचवले. हप्ता जड आहे, पण पेट्रोलच्या वाचलेल्या पैशांत बराचसा निघतो. काही गाड्यांना पहिल्या मालकासाठी दीर्घ मुदतीची हमी मिळू लागली आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला तीच मिळते का, हे लेखी विचारावे.

“थांबावे का? बिडकीनला टोयोटा येते आहे म्हणे,” असेही विचारतात. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा-किर्लोस्करचा राज्य सरकारशी सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार झाला हे खरे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली आणि या शहराच्या चुली पेटत्या राहिल्या, तेव्हा मला अशा बातम्यांचा आनंद होतो. पण कारखान्याच्या कुंपणावरून गाडी स्वस्त मिळत नाही. ज्याची आजची गाडी धड चालते त्याने खुशाल थांबावे. ज्याचे वर्षाला दीड लाख पेट्रोलमध्ये जात आहेत त्याला थांबणेच महाग पडते.

आता मुख्याध्यापकांचे काय झाले? हिशेब उलटा आल्यावर सर पेट्रोलच्या बाजूला झुकले. वहिनी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “तुमच्या कागदात माझा गुडघा कुठे आहे?”

वहिनी पूर्वी गाडी चालवीत. डाव्या गुडघ्याने क्लच दाबवेना तेव्हापासून, म्हणजे चार वर्षे, त्यांनी स्टिअरिंग सोडले होते. सरांची नजर रात्री कमी पडते. म्हणजे अंधार पडल्यावर त्या घरातून कोणी बाहेर पडत नव्हते. रिक्षा मिळेल तेव्हा दवाखाना. क्लच नसलेली गाडी पेट्रोलवरही मिळते, हे मी सांगितले. पण त्यांच्या वहीतल्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या, आणि इंजिन धड तापायच्या आत बंद होणारी अशी फेरी पेट्रोलच्या गाडीला सगळ्यांत जाचक. मायलेज पंधराचे दहावर येते. त्यात घर बैठे, गेटच्या आत पार्किंग, भिंतीला सॉकेट. गाडी रात्री उभी कुठे राहते, याचे उत्तर त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होते.

अठरा लाखांचा विषय मागे पडला. मुलाला समजवायला एक फोन मीही केला. छोटी गाडी, तीही दीड वर्ष वापरलेली, मिळाली. तिच्या बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आधी मागवला आणि हमी नव्या मालकाच्या नावावर होते हे लेखी घेतले. चाचणीला गल्लीत चक्कर मारण्याऐवजी वेरूळला जाऊन यायची अट घातली. विक्रेता कुरकुरला, मग किल्ली दिली. दौलताबादच्या घाटात टक्के भराभर उतरले, येताना उतारावर दोन परतही मिळाले. जाताना सर चालवीत होते, येताना वहिनी. खुलदाबादपासून घरापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

ठेवीला फार हात लागला नाही. वही आता वहिनींच्या ताब्यात आहे. परवाचे पान मी पाहिले: “मंगळवार. मंडई, रक्त तपासणी, नातीचा क्लास, रात्री साडेनऊला औषधाचे दुकान. १४ कि.मी. ९ टक्के.” खाली सरांच्या अक्षरात लिहिले होते, “अर्थिंगला पाणी घातले.”